शनिवार तेल्यांची चूल

शहागंजात नान-खलिया खाताना आपण सहज दह्याची वाटी मागतो. धर्म पाळणारा ज्यू मात्र तिथे हात आखडील. मांसाबरोबर दूधदुभते त्याला निषिद्ध. शास्त्राला चालते ते अन्न ‘कोशर’. न्यूयॉर्कमध्ये पुढे ‘कोशर धर्तीची’ उपाहारगृहे निघाली. चव जुनीच राहिली, नेम मात्र सैल झाला.

आपल्या कोकणात उलटे घडले, बरे का! अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू ते विसरले, पोथ्याही उरल्या नाहीत. त्यांच्यात कथा सांगतात ती अशी: दाविद राहाबी नावाच्या परक्या ज्यूने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेलीच तेवढी निवडली, आणि त्याला ओळख पटली.

मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. तोवर पिढ्यान् पिढ्या धर्म राखला तो चुलीने. मटणाच्या रश्शात त्यांच्याकडे आजही नारळाचे दूध पडते. इतिहास ताम्रपटात शोधतो, तसा तो रांधपातही शोधावा. दह्याची वाटी पुढे ओढताना एवढे आठवावे.