लांडग्यावरचा इलाज

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. आज हे नाव घेतले की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर उलटण्याचा आजार आठवतो. १९४०च्या दशकात युरोपच्या त्वचा-रुग्णालयांत मात्र ल्युपस म्हटले की बहुधा त्वचेचा क्षय, नाक-गाल हळूहळू कुरतडणारा ल्युपस व्हल्गॅरिस, असाच अर्थ होई. त्यावर प्रकाशोपचार शोधणाऱ्या नील्स फिन्सेनला १९०३ साली नोबेल मिळाले. पुढे फ्रान्समध्ये जाक शार्पी आणि लंडनमध्ये जेफ्री डाउलिंग व प्रॉसर थॉमस यांनी कॅल्सिफेरॉल, म्हणजे ड-२ जीवनसत्त्व, देऊन पाहिले. लंडनमधली मात्रा रोज दीड लाख युनिटपर्यंत आणि तीही महिनोन्‌महिने. आज प्रौढाला रोज ६०० युनिट पुरेसे मानतात. म्हणजे हे अडीचशे पट झाले. अनेकांचे व्रण खरोखर भरले. पण रक्तातले कॅल्शियम चढले की भूक मरे, उलट्या होत, तहान आणि लघवी वाढे. काहींच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम साचून ती निकामी होत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे गोळ्या थांबवल्या तरी त्रास लगेच थांबत नसे.

हे अज्ञानातून घडले, असे म्हणता येत नाही. अतिमात्रेने प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते, हे १९२८ मध्येच जर्मनीत दिसले होते. माझ्या मते फसवले ते गुण आणि दोष यांच्या जागांनी: गुण चेहऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, दोष रक्तात. दुसरे औषध होतेच कुठे, हा आक्षेप रास्त आहे. स्ट्रेप्टोमायसिन नुकते सापडले होते आणि आयसोनियाझिड यायला १९५२ उजाडले. पण त्याने औषध वापरणे समर्थनीय ठरते, कॅल्शियम न मोजता वापरणे नव्हे. मोजण्याची रीत तेव्हा होती. दोष फक्त मात्रेचा होता, हेही अर्धेच खरे. क्षयाच्या गाठींतल्या पेशी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करू शकतात, हे नंतर कळले. ज्या पेशींमुळे औषध लागू पडत असावे, त्याच धोकाही वाढवू शकत होत्या.

क्षयाची नवी औषधे आली आणि कॅल्सिफेरॉल मागे पडले. आजच्या ल्युपसचे रुग्ण ऊन टाळतात, त्यांच्यात ड कमी पडते आणि ते भरून काढणे योग्यच. आपल्याकडे त्यासाठी बहुधा ६०,००० युनिटची पुडी लिहून देतात, आठवड्यातून एकदा. तीच चुकून रोज घेतली, तर ती लंडनच्या त्या मात्रेच्या दोन-पंचमांशावर जाऊन पोचते.