भिंत निळी नव्हती, जांभळी होती

तीन वर्षांमागे मामा गेले. ड्रॉइंग मास्तर होते. घर आवरताना आम्ही भाचेमंडळींनी त्यांची ट्रंक रद्दीवाल्याला दिली. तिच्यात चित्रकार मित्रांची पोस्टकार्डं होती. मजकुराशेजारी पेनाने काढलेले बैल, देवळाच्या पायऱ्या, टपरी. सगळी किलोवर गेली. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

परवा व्हॅन गॉगची पत्रं वाचताना ती ट्रंक डोळ्यासमोर आली.

ऑक्टोबर १८८८. फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने स्वतःच्या झोपायच्या खोलीचं चित्र काढायला घेतलं. लगेच भावाला, थिओला पत्र. दुसऱ्याच दिवशी चित्रकार मित्र गोगँला. दोन्ही पत्रांत खोलीचं छोटं रेखाटन, आणि रंग शब्दांत. थिओला लिहिलंय की भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा. आज अ‍ॅमस्टरडॅमला ते चित्र बघाल तर भिंती चक्क निळ्या! मग पत्र चुकलं का? नाही. जांभळ्यातला लाल काळाच्या ओघात उडाला, निळा मागे राहिला. संशोधकांनी रंग तपासले तेव्हा पत्रच खरं निघालं.

गंमत म्हणजे व्हिन्सेंट स्वतः पत्रं सांभाळणाऱ्यातला नव्हता. त्याने थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या वर पत्रं आज आहेत. थिओने त्याला लिहिलेली? जेमतेम चाळीस.

थिओही जानेवारी १८९१ मध्ये गेला. बायको जो अठ्ठावीस वर्षांची, कडेवर वर्षाचं पोर. विकत न गेलेल्या चित्रांचा ढीग आणि कागदांचा गठ्ठा, एवढी इस्टेट. तिने दोन्ही सांभाळलं, पत्रं तारखावार लावली आणि १९१४ साली छापली. आमच्या घरात जो नव्हती, एवढंच.

(आणि पैशातच बोलायचं तर व्हिन्सेंट आणि गोगँने मिळून मित्राला लिहिलेलं एकच पत्र २०२० मध्ये पॅरिसच्या लिलावात २,१०,६०० युरोला गेलं.)

तर मंडळी, माळ्यावर असं काही असेल तर देऊन टाकू नका. निदान मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पोस्टाचा शिक्का आणि तारीख दिसू द्या.

माझ्याकडे मामांचं एकच कार्ड उरलंय, पुस्तकात खूण म्हणून राहिलेलं. बैलजोडी आहे. खाली मित्राने लिहिलंय, आभाळ पिवळंच ठेवलंय, रागावू नकोस. शाई तपकिरी पडलीय. ते चित्र कुठे आहे, कुणाला माहीत असेल तर कळवा.