तसबिरीचा शाप

बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या कमाल अमरोहीदिग्दर्शित चित्रपटात शंकर जुन्या हवेलीत येतो आणि भिंतीवरून पडलेल्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. भुताचा उलगडा शेवटी होतो : कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी आशा. चेहऱ्यांच्या साम्याचा उलगडा मात्र होत नाही. तरी कथानक अडत नाही. तसबीर स्वतः काहीच करत नाही. शंकर तिच्यावर विश्वास ठेवतो आणि पुढचे सारे त्यातून घडते. त्यापायी त्याची पत्नी रंजना विष घेते.

आमच्या नांदेड-लातूरकडे अनेक घरांत पूर्वजांचे टाक देवघरात असतात. गेलेल्या माणसाची जागा तिथे ठरलेली असते. शंकरने त्याला स्वतःची जागा दिली, आणि जिवंत रंजनाला जागाच उरली नाही.