भोसले घाट आणि काशीचे मराठीपण

काशीच्या भोसले घाटाची उंच दगडी वास्तू पाहिली म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या वैभवाची कल्पना येते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी हा घाट बांधला. त्याच काळात अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले.

परंतु काशीशी आपले नाते याहून जुने आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पूर्ण केले. १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही काशीचेच. पुढे ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा दुभाषी संसार.

१८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि भोसल्यांचा राजाश्रय संपला. मराठी मनुष्य मात्र काशीत उपरा ठरला नाही. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतील मराठी कुटुंबात झाला. पुढे ते 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक झाले. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' हे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना देतात. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ साली 'देशेर कथा' बंगालीत लिहिली. भाच्याने ती हिंदीत आणली.

परप्रांताची भाषा आपली मानल्याने आपलेपण उणावत नाही, हेच या मामा-भाच्यांनी दाखविले. मात्र उंबऱ्याच्या आतली मराठी राखण्यास कोणताही राजा येणार नाही. ते काम आपल्या घरांचे आणि आपल्या मंडळांचे आहे.