डोळ्यांवरची माती

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या बाईपाशी पैसे थोडे आणि सल्लागार पुष्कळ असतात. माझी सल्लागार म्हणजे माझी भाची. परवा तिने मला तालुक्याच्या गावी एका दुकानात नेले आणि माझ्या हाती एक चपटी डबी ठेवली. आत बारा खण आणि बारा रंग; पण सगळे एकाच कुळातले. बदामी, मातकट, विटकरी, तपकिरी, काळसर. चमक एकालाही नाही.

"आत्या, हे न्यूट्रल मॅट पॅलेट. पापण्यांवर लावायचं. तुला शोभेल, आणि शाळेत लावून गेलीस तरी कुणाला कळायचं नाही."

किंमत अकराशे नव्वद रुपये. परंतु मी थबकले ती किमतीमुळे नव्हे. 'कुणाला कळायचं नाही' हे तिचे शब्द मनात रुतले. आमच्या घरचे जाऊन सहा वर्षे झाली. त्या दिवसापासून मी काजळाची डबी उघडलेली नाही. मला तसे कुणी सांगितले नव्हते. सांगावे लागत नाही, एवढेच. "उद्या सांगते," असे म्हणून मी दुकानातून बाहेर पडले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण इतिहासाचा नाद लहानपणापासूनचा. म्हणून त्या रात्री, या वयात डोळ्यांवर रंग घालावा की नाही, हा प्रश्न मी इतिहासालाच विचारला.

पहिले आश्चर्य त्या 'पॅलेट' शब्दातच होते. इजिप्तचा इतिहास ज्या वस्तूपासून सांगायला सुरुवात करतात, ती वस्तू म्हणजे 'नार्मर पॅलेट'. १८९७-९८ च्या उत्खननात क्विबेल आणि ग्रीन यांना ती हायराकॉन्पोलिस येथे सापडली. सुमारे ६४ सेंटिमीटर उंचीची ही दगडी पाटी इसवीसनापूर्वी ३१०० च्या सुमाराची. तिच्यावर नार्मर राजा शत्रूला मारण्यासाठी गदा उगारून उभा आहे. दुसऱ्या बाजूस लांब मानांचे दोन प्राणी एकमेकांत गुंतले आहेत, आणि त्या मानांच्या मधोमध एक वाटोळा खळगा आहे. तो खळगा कशासाठी? तर डोळ्यांत घालायचा रंग वाटण्यासाठी! ही पाटी देवळात वाहिलेली, तेव्हा रोजच्या वापरातली नसावी; पण तिचा घाट मात्र घरोघरच्या सहाणेचा. राजापूर्वीच्या काळातल्या साध्यासुध्या माणसांच्या थडग्यांतूनही अशा पाट्या निघाल्या आहेत. कुणी माशाच्या आकाराची, कुणी कासवाच्या, कुणी पाखराच्या. म्हणजे राजाच्या पराक्रमाची नोंद झाली तीही डोळ्यांचा रंग वाटायच्या सहाणेवर. हे वाचल्यावर भाचीच्या हातातल्या डबीला 'नखरा' म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या सहाणेवर काय वाटीत? हिरव्यासाठी मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे खनिज. काळ्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज. आणि हा रंग केवळ बायका घालीत असे नाही. पुरुषही घालीत, मुलांनाही घालीत. शोभा होतीच, पण औषधाची भावनाही होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील प्राचीन डब्यांमधला रंग फ्रेंच शास्त्रज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात शिशाचे असे क्षार सापडले की जे मुद्दाम तयार केले असले पाहिजेत. २०१० साली त्यांनी दाखवून दिले की, या क्षारांच्या अगदी अल्प मात्रेने त्वचेच्या पेशी रोगजंतूंशी लढायला सज्ज होतात. तरीही शिसे ते शिसेच. ते शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला फार घातक ठरते. जुने ते सगळेच सोने नसते, हे इतिहासाच्या शिक्षिकेने तरी विसरू नये.

आपल्याकडेही डोळ्यांचे कौतुक थोडे नाही. चरकसंहितेत सौवीरांजन रोज घालावे आणि पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन घालावे, असा दिनचर्येचाच नियम सांगितला आहे. तिथे अंजन स्त्रियांचे, पुरुषांचे असा भेद नाही. सधवा-विधवा असा तर नाहीच. माझी आई मात्र ग्रंथ न वाचता काजळ धरी. एरंडेलाची वात, वर पालथी घातलेली तांब्याची ताटली, तिच्यावर धरलेली काजळी, आणि ती कालवायला साजूक तूप. बाबा गेले तेव्हा आई चाळिशीतच होती. त्यानंतर ती नातवंडांसाठी काजळ धरीत राहिली, पण स्वतःचे बोट तिने कधी डोळ्यांपर्यंत नेले नाही.

राहता राहिले 'न्यूट्रल' आणि 'मॅट'. हे शब्द नवे. वस्तू मात्र आपल्या अगदी जवळची. दोन वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन मी अजिंठ्याला गेले होते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळात तिथल्या चित्रकारांपाशी कोणते रंग होते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरी माती आणि दिव्याची काजळी. दूरचा म्हणावा असा रंग एकच, अफगाणिस्तानातून येणारा निळा लाजवर्द. बाकी सगळी माती, आणि मातीला चमक नसते. पहिल्या लेण्यात पद्मपाणीशेजारी एक सावळी स्त्री आहे. तिचे झुकलेले डोळे त्याच मातीने रंगवले आहेत, आणि पंधराशे वर्षांनंतरही आमची दंगेखोर मुले तिच्यापुढे घटकाभर गप्प उभी राहिली.

गंमत अशी की त्या डबीतले तपकिरी, विटकरी आणि पिवळट रंगही लोहाच्या गंजाचेच, म्हणजे गेरूच्याच जातीचे. आज ते कारखान्यात तयार करतात, कारण खाणीतल्या मातीत शिसे आणि सोमल मिसळलेले असू शकतात. ते शंखजिऱ्याच्या पिठीत कालवून दाबले की झाली वडी. चकचकीत रंगांत अभ्रकाचा चुरा जास्त असतो. तो उजेड परतवतो आणि पापणीवरची प्रत्येक सुरकुती चव्हाट्यावर आणतो. माझ्या वयाला चमक नको, हे भाचीचे म्हणणे तेवढे खरे.

पण 'न्यूट्रल' कुणाच्या कातडीला? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेले, डबीतले नमुने मनगटावर ओढले आणि बाहेर उन्हात येऊन पाहिले. बारांपैकी पाच रंग माझ्या सावळ्या हातावर राखेसारखे दिसत होते. ते गोऱ्या कातडीचे 'न्यूट्रल'. तीन इतके सारखे की वेगळे ओळखू येईनात. उरले चार. मग बारांचे पैसे का मोजावेत? त्याच दुकानात चार खणांची लहान डबी तीनशे साठ रुपयांना मिळाली. मागे तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि परवान्याचा क्रमांक छापलेला होता. आपल्याकडे २०२० च्या नियमांनुसार प्रसाधनांच्या रंगांत शिसे आणि सोमल यांना मज्जाव आहे. तेव्हा क्रमांक नसलेली स्वस्त डबी घेऊन डोळ्यांशी खेळ करू नये, हे वाचकभगिनींना सांगितलेच पाहिजे.

आणि 'कुणाला कळायचं नाही' त्याचे काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने तो कित्ता गिरवण्याचे परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींसाठी काढले. ती बातमी मी वर्गात मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली होती. घरी आल्यावर मात्र माझी काजळाची डबी फडताळात होती तिथेच राहिली. मुलांना शिकवणे सोपे असते.

संध्याकाळी आईला डबी दाखवली. आता तिला नीट दिसत नाही. तिने तपकिरी खणात बोट फिरवले, अंगठ्यावर चोळले आणि म्हणाली, "गेरू आहे गं हा." मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, "यात काळा नाही का?"

"नाही," मी म्हटले.

"मग ती तांब्याची ताटली काढ माळ्यावरची. वसुबारसेला काजळ धरू. दोघींना पुरेल."