पाहुण्यासाठी बांधलेला महाल

ज्या नावाने आपली नभोवाणी ओळखली जाते ते 'आकाशवाणी' हे नाव म्हैसूर शहराने दिलेले आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली तेथे आपल्या राहत्या घरातून एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले, आणि त्या केंद्राचे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. एका घरातली गोष्ट अशी सर्वांची होण्याचा योग त्याच शहरातील दुसऱ्या एका वास्तूच्याही वाट्याला आला. मात्र ती वास्तू प्राध्यापकाचे घर नव्हे. तो होता एका राजाने एका पाहुण्यासाठी बांधलेला महाल. त्या ललितामहालाची हकीकत आज सांगावयाची आहे.

म्हैसूर शहराच्या पूर्वेस, चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या उंचवट्यावर ही पांढरीशुभ्र दुमजली इमारत उभी आहे. दुरून प्रथम दिसतो तो तिचा मध्यवर्ती घुमट, आणि मग दर्शनी भागातील जोडखांबांची रांग. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची आठवण व्हावी अशीच तिची रचना आहे. मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ ई. डब्ल्यू. फ्रिचली यांनी तिचा आराखडा केला आणि बी. मुनिवेंकटप्पा यांनी बांधकाम केले. आतला जिना इटालियन संगमरवराचा आहे आणि झुंबरे बेल्जमच्या काचेची आहेत. या साऱ्याला खर्च आला सुमारे १३ लाख रुपये. हे सर्व व्हाइसरॉयसाहेब म्हैसुरास येतील तेव्हा त्यांनी उतरावे म्हणून.

केवळ पाहुण्यासाठी एवढा खर्च कशाला, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर म्हैसूर राज्याच्या पूर्वेतिहासात सापडते. १७९९ साली टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी वडियार घराण्याला गादीवर बसविले, आणि साडेचोवीस लाख रुपयांच्या आसपास वार्षिक खंडणी बांधून घेतली. १८३१ मध्ये राज्यकारभार नीट चालत नाही या सबबीवर त्यांनी तो आपल्या हाती घेतला आणि कारभाराचे ठाणे बंगळूरला नेले. पन्नास वर्षांनी, १८८१ मध्ये, राज्य परत मिळाले. परंतु त्या वेळी खंडणी ३५ लाखांवर नेण्याचे ठरले आणि १८९६ पासून ती वाढ अंमलात आली. एकवीस तोफांची सलामी असलेल्या पाच संस्थानांत आपले बडोदे आणि ग्वाल्हेर यांच्याबरोबर म्हैसूरही होते. पण ज्याने एकदा राज्य काढून घेतले होते आणि मग परत दिले, तो व्हाइसरॉय पाहुणा म्हणून येत असला तरी वस्तुतः धनी होता. अशा पाहुण्याची बडदास्त हा निव्वळ अतिथिधर्म नव्हता. ते राजकारणच होते.

त्यात आणखी एक अडचण होती. नालवडी कृष्णराज वडियार महाराज हे आचारनिष्ठ पुरुष होते. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाल्यावर हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा उभा राहिला. तो १९१२ मध्ये पुरा झाला आणि त्याला ४१ लाखांहून अधिक खर्च आला. त्या राजवाड्याच्या आवारात देवळे होती आणि दसऱ्याचे धार्मिक विधी तेथेच होत. युरोपियन पाहुण्यांचा खाना आणि हे सोवळे एका छपराखाली नांदणे कठीण. म्हणून दरबारात त्यांचे स्वागत व्हावयाचे आणि मुक्काम मात्र निराळा असावयाचा. १९२० साली अशा पाहुण्यांसाठी शहरात 'मेट्रोपोल'ची इमारत बांधण्यात आली, आणि सर्वांत मोठ्या पाहुण्यासाठी ललितामहालाची योजना झाली. मान पुरा द्यावयाचा, पण देवघराच्या उंबरठ्यापासून दूर ठेवून, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात जसा नम्रपणा आहे तसाच एक प्रकारचा निग्रहही आहे.

ललितामहालाचा पाया १९२१ च्या नोव्हेंबरात घातला गेला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईच्या बंदरात उतरले. परळला त्या दिवशी परदेशी कापडाची होळी पेटली होती, शहरात हरताळ होता, आणि पुढे काही दिवस दंगलही झाली. एकीकडे राजपुत्राकडे पाठ फिरविणारी मुंबई, आणि दुसरीकडे राजप्रतिनिधीसाठी महालाचा पाया खणणारे म्हैसूर, अशी दोन दृश्ये एकाच महिन्यातली आहेत. त्या महालाचे आयुष्य किती अल्प ठरणार आहे, हे त्या वेळी कोणालाही सांगता आले नसते.

मग हा खर्च केवळ उधळपट्टी होता काय? जमाखर्चाच्या वह्या चाळण्यात ज्याचे आयुष्य जाते अशा माझ्यासारख्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कृष्णराज महाराज विलासी राजे असते तर उत्तर सोपे होते. परंतु त्यांच्याच राज्यात १९०२ साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली, १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले आणि १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. त्यांचे दिवाण सर विश्वेश्वरय्या हे पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला परिचित असलेले स्थापत्यविशारद. एवढी कामे करावयाची तर वरिष्ठ सत्तेची मर्जी सांभाळणे भाग होते. १८८१ च्या जाचक अटींच्या जागी १९१३ मध्ये नवा तह झाला, आणि १९२८ पासून खंडणीत साडेदहा लाखांची सूट मिळाली. एका महालामुळे ही सूट मिळाली असे कोणी म्हणणार नाही. तथापि महालाचे १३ लाख एका रकान्यात आणि दरसालचे साडेदहा लाख दुसऱ्या रकान्यात मांडून पाहिले, म्हणजे त्या काळच्या कारभाऱ्यांचे गणित निदान ध्यानात येते. त्यातली खेदाची बाब वेगळीच आहे. ज्या रयतेच्या पैशातून तो महाल उभा राहिला, तिला तो दुरूनच पाहावा लागे.

या ठिकाणी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची आठवण होते. जमशेटजी टाटांनी ते बांधले. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी त्याचे आराखडे केले, आणि १९०३ मध्ये ते उघडले. ते जन्मापासूनच हॉटेल होते. दाम मोजणारा कोणीही तेथे पाहुणा. ललितामहाल मात्र एकाच पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या पाहुण्याचे पदच नाहीसे झाले.

पुढे महाराज जयचामराजेंद्र वडियार राजप्रमुख झाले आणि १९५६ नंतर राज्यपाल. राजघराण्याला वर्षाला २६ लाख रुपयांचा तनखा मिळत असे. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तोही बंद झाला. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १९७४ साली ललितामहालाचे हॉटेलात रूपांतर झाले. अनेक वर्षे ते भारत पर्यटन विकास निगमाने चालविले, आणि त्यानंतर ते कर्नाटक राज्याकडे आले. व्हाइसरॉयचे निवासस्थान म्हणून या वास्तूचे आयुष्य २६ वर्षेही भरले नाही. हॉटेल म्हणून मात्र तिने पन्नाशी ओलांडली आहे.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त म्हैसुरास गेलो असता मी तेथे थोडा वेळ थांबलो होतो. ज्या नृत्यशाळेत एके काळी साहेबलोक नाचत, तेथे आता जेवणाची मेजे मांडलेली आहेत. शेजारच्या मेजावर एक म्हैसूरकर कुटुंब बसले होते. आजी, सून आणि दोन मुले. मुले वरच्या रंगीत काचांकडे माना वर करून पाहत होती. आजीबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि खांबावरून हळूच हात फिरविला. त्यांच्या मनात काय आले असेल ते मी विचारले नाही.

तेथील दर पाहता सर्वांनाच त्या मेजावर बसता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण आत यावयास आता कोणत्याही पदाची आवश्यकता नाही, हा फरक लहान नव्हे. ज्यांच्या पैशातून हे घर बांधले गेले, तेच आज त्याचे धनी आहेत. धनीपणाबरोबर निगा राखण्याचा भारही येतो. पूर्वी तो राजाच्या कारभाऱ्यांवर होता. आता तो आम्हा सरकारी नोकरांवर आहे, आणि त्याचा हिशेब आम्ही त्या आजीबाईंना दिला पाहिजे.