आठवण खरी की खोटी? : घरगुती इतिहास पारखताना

आपल्या मंडळाकडे जुन्या घरांतल्या आठवणी येतात. कुणी आजीचं बोलणं लिहून पाठवतं, कुणी पणजोबांची हकिकत. मग बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, "कागद दाखवा, नाहीतर सोडा." दुसरा म्हणतो, "घरचं माणूस खोटं कशाला सांगेल?" मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आपल्या ग्वाल्हेर-झाशीच्या मुलुखाशी जोडलेलं एक पुस्तक हाताशी आहे, ते समोर ठेवून ही पारख करून बघू.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड उसळलं आणि भटजी त्यात सापडले. झाशी पडली तेव्हा ते गावातच होते. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. लिहिलं १८८३ च्या सुमाराला, म्हणजे घटनेनंतर पंचविसेक वर्षांनी. तेच 'माझा प्रवास'.

आता याचा दर्जा ठरवायचा कसा?

पहिला प्रश्न : सांगणारा कुठे उभा होता? झाशीची लूट विष्णुभटांनी घरात लपून, जीव मुठीत धरून पाहिली. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटली, ब्राह्मणाला पाणी काढू न देता तिने ते स्वतःच काढलं, हेही त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगितलं आहे. पण बंड का झालं हे सांगताना ते लिहितात की, इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी चौऱ्यायशी कलमं काढली आणि राजेरजवाड्यांना कलकत्त्याला बोलावून ती ऐकवली. अशी सभा इतिहासात सापडत नाही. ही वाटेवर कानावर आलेली गोष्ट. एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात डोळ्यांचं आणि कानांचं असं दोन्ही असतं. ते निवडून वेगळं करणं हे आपलं काम.

मग कानांचं टाकून द्यायचं का? नाही. इथे दूरच्या इटलीतलं एक उदाहरण कामी येतं. तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली मोर्च्यात पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तिथल्या म्हाताऱ्या कामगारांशी बोलणं केलं, तर अनेकांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळच्या दंगलीत नेऊन ठेवला होता. पोर्तेल्लींनी तारीख तपासली, चूक दाखवली, आणि मग विचारलं की चूक सगळ्यांची एकाच दिशेने का झाली? कारण कपातीचा घाव मोठा होता आणि त्या पराभवाला अर्थ देण्यासाठी तो मृत्यू तिथे हवा होता. चौऱ्यायशी कलमांचंही तसंच. सभा झाली नसेल, धर्म बुडेल ही भीती मात्र खरी होती, आणि ती अशा रूपात फिरत होती, हे विष्णुभटांमुळे कळतं. पण लक्षात घ्या, आधी तारीख तपासली म्हणूनच चूक बोलकी झाली. तपासलीच नसती तर ती नुसती चूक राहिली असती.

दुसरा प्रश्न : सांगणाऱ्याला स्वतःचा कमीपणा सांगता येतो का? विष्णुभट भीती लपवत नाहीत, पैशाची ओढ लपवत नाहीत. दक्षिणेसाठी गेलेला माणूस लुबाडला जाऊन, गंगेची कावड तेवढी घेऊन घरी आला. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच हकिकतींत पूर्वज फक्त शूर आणि दानशूर असतात. तिथे सावध व्हावं.

तिसरा प्रश्न, जो आपण बहुतेक विसरतो : लेखणी कुणाची? वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं, पण भाषा सुधारून, मजकुरात काटछाट करून. मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी लोकांपुढे आणलं ते १९६६ साली. मूळ हस्तलिखित जपून ठेवलं गेलं म्हणून हे शक्य झालं.

माझ्याकडून नेमकं हेच घडलं नाही. काही वर्षांपूर्वी एका आजींचं बोलणं मी रेकॉर्ड केलं. त्यांची हिंदीत मुरलेली मराठी मी 'शुद्ध' केली. घरातली विधवा आत्या सणाचा सगळा स्वयंपाक करायची, पण पंगतीला कधी बसली नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. घरचे म्हणाले, "ते कशाला?" मी गाळलं. रेकॉर्डिंगही पुसलं गेलं. आज आजी नाहीत. लेख छान झाला असं सगळे म्हणाले, पण इतिहास होता तो गाळलेल्या दोन वाक्यांत.

म्हणून आठवण पाठवताना तीन गोष्टी जरूर लिहाव्यात : काय पाहिलेलं आणि काय ऐकलेलं, सांगणारा त्या घरात कोण होता, आणि आपण काय बदललं किंवा गाळलं. मूळ टिपण, मूळ आवाज जसाच्या तसा ठेवावा. विष्णुभटांच्या लिखाणाला पोतदार भेटले. आपल्या आजीच्या बोलण्यालाही कधीतरी कुणी भेटेल, पण त्याच्यासाठी मूळ काहीतरी शिल्लक हवं ना!